देऊळ सोडायच्या आधी एक वही घ्या

आमच्यात चर्चला देऊळ म्हणतात. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर शीर्षक वाचून कुणीतरी भलतंच समजायचं. मी बेळगावचा. शहापुरात आमचं बाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. घराणं तीन पिढ्यांचं प्रोटेस्टंट. शब्बाथ शाळा, दृढीकरण, नाताळच्या करंज्या, सगळं रीतीप्रमाणे झालं.

दुकानात एक मुसलमान कारागीर होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाळीस वर्षं त्यांनी वडिलांबरोबर काम केलं. कॅम्पापासून खानापूरपर्यंतची किती शास्त्रं (बायबलला आम्ही शास्त्र म्हणतो) त्यांच्या हातून शिवून गेली असतील, मोजदाद नाही. खळ शिजवताना त्यात मोरचूद किती टाकायचा, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. ते वारले त्याच आठवड्यातल्या रविवारी देवळात उपदेश झाला, की ख्रिस्ताला न स्वीकारणाऱ्याला दुसरी वाट नाही. मग सगळे विश्वासांगीकाराला, म्हणजे आपण काय मानतो ते एका सुरात म्हणायला, उभे राहिले. ‘तेथून तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास येईल’ ही ओळ आली आणि ती काही माझ्या तोंडातून निघेना. तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. त्याला आता अकरा वर्षं झाली.

या अकरा वर्षांत दुकानात फाटकं शास्त्र घेऊन आलेल्या दहा-बारा जणांनी तरी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, मला एकच गोष्ट विचारली. देव हवाय, पण जे शिकवलं ते जसंच्या तसं पटत नाही, मग करायचं काय? मी धर्मपंडित नाही. पण जे केलं, जे चुकलं, ते क्रमानं सांगू शकतो. कॅथलिक असाल तर ‘उपासना’ वाचाल तिथं ‘मिस्सा’ म्हणा, बाकी फारसा फरक पडत नाही.

वही

शंभर पानी साधी वही घ्या. मोबाइलवर लिहू नका, तो घरातलं कुणीही उघडतं. पानावर तीन रकाने पाडा: पटतं, पटत नाही, माहीत नाही. पुस्तकी भाषा नको. ‘तारणाच्या सिद्धान्ताविषयी साशंक’ असलं लिहिलं की आपणच आपल्याला फसवतो. मी लिहिलं होतं, ‘चाचा नरकात आहेत हे पटत नाही.’ त्याखाली, ‘येशू गरिबांच्यात बसून जेवला हे पटतं.’ आणि तिसऱ्या रकान्यात, ‘प्रार्थना कुणी ऐकतं का.’

आता वही उलटी करा आणि मागच्या पानावर माणसांवरचा राग लिहा. कमिटीची निवडणूक, वर्गणीचा हिशेब, वडिलांच्या मातीला कोण आलं नाही, आपल्या मुलीला गायनमंडळातून कुणी काढलं. माझ्या मागच्या पानावर पहिल्याच आठवड्यात अकरा ओळी झाल्या, पुढच्या बाजूला जेमतेम चार. तेव्हा डोक्यात उजेड पडला, की मी देवाबद्दल भांडतोय असं समजत होतो आणि खरं भांडण कमिटीशी होतं. तुमचंही तसंच निघालं तर त्यात कमीपणा काही नाही. मात्र त्यावर उपाय वेगळा. कमिटी बदलता येते, किंवा दुसऱ्या मंडळीत जाता येतं, त्यासाठी त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण, नाकारायची गरज नसते.

पुढच्या बाजूच्या ओळी महिनाभरानंतरही तशाच राहिल्या, तरच पुढचं वाचा.

जाहीर करू नका

नव्यानं शंका आलेल्या माणसाला गावभर सांगत सुटायची हौस येते. मलाही आली होती. पास्टरना पत्र लिहून वर्षभर पाकिटात घालून ठेवलं, दिलं नाही, हे नशीब. शोध घेणं वेगळं आणि धर्म बदलणं वेगळं. तुम्ही किल्ल्यातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन तासभर बसलात म्हणून तुमच्या कागदावरचं काहीही बदलत नाही, बदलायची गरजही नाही. कुणी प्रतिज्ञापत्र करा, नाव बदला म्हणून मागे लागलं तर आधी वकील गाठा. तो कायद्याचा मामला आहे, श्रद्धेचा नव्हे.

मंडळीच्या वहीतलं नाव आणि वर्गणी चालू ठेवा, असं मी सांगतो. काहींना हा दुटप्पीपणा वाटतो. पण दफनाची जागा, मुलांची लग्नं, आईच्या आजारपणात भेटीला येणारी माणसं, हे सगळं त्या नावाला चिकटलेलं असतं, आणि शंका तुमची असली तरी त्याची किंमत घरचे मोजतात. ख्रिस्ती पद्धतीचं लग्न १८७२ च्या कायद्यानं होतं. ते नको असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. मुलं वयात आली की हा विषय निघतोच, तेव्हा दोन्हींची माहिती असू द्या.

मार्क, एका बैठकीत

बाइंडरला एक गोष्ट दिसते, जी पास्टरला दिसत नाही. जुनं शास्त्र उसवून फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेले पानांचे गठ्ठे, सुटे केले की लोकांनी काय वाचलंय ते बोटांना कळतं. स्तोत्रसंहितेची पानं तपकिरी, तेविसाव्या स्तोत्राचा कोपरा झिजून गोल झालेला. लेवीय आणि गणना कोरी करकरीत, कधीकधी अजून एकमेकांना चिकटलेली. आणि शुभवर्तमानांत? पेन्सिलीच्या खुणा ठरावीक वचनांवर. ते वचन झिजलेलं, शेजारची गोष्ट नवी. आपण सगळे येशूला वचनावचनानं ओळखतो. सबंध गोष्ट फार थोड्यांनी वाचलेली असते.

म्हणून मार्कापासून सुरुवात करा. चारांत सगळ्यात छोटं, सोळा अध्याय. मोठ्यानं वाचलंत तरी दोन तासांच्या आत संपतं. एका बैठकीत, मध्ये उठायचं नाही, टीप वाचायची नाही. आणि नेहमीचं भाषांतर घेऊ नका, कारण त्याची वाक्यं कानात इतकी बसलेली असतात की अर्थ लागायच्या आधीच ओळ संपते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर कुठं मिळालं तर ते बघा. नाहीतर हल्लीच्या सोप्या मराठीतलं घ्या. कन्नड वाचता येत असेल तर कन्नडातून वाचा. परक्या भाषेत जीभ अडखळते आणि त्यामुळे लक्ष जागं राहतं.

तीन ठिकाणी थांबा. नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत करा. एकाच दमात दोन्ही. आणि येशू त्याला परत पाठवत नाही. दहाव्या अध्यायात कुणीतरी ‘उत्तम गुरुजी’ म्हणतो, तर येशू विचारतो, मला उत्तम का म्हणतोस, एक देव सोडला तर कुणी उत्तम नाही. आणि सोळाव्यात आठव्या वचनाशी वाचन थांबवा. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांमध्ये मार्क तिथंच संपतो: कबरीपाशी आलेल्या बायका घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढची वचनं नंतर जोडली गेली, हे बहुतेक अभ्यासक मानतात.

त्रैक्य हा शब्द शास्त्रात कुठंही नाही, हे ऐकून आमच्याकडे लोक दचकतात. पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे, हे विश्वासांगीकाराच्या शब्दांत पक्कं झालं ते ३२५ साली नायसियाच्या परिषदेत, आणि त्यानंतरही वाद बरीच वर्षं चालले. म्हणजे ती शिकवण खोटी ठरते असं माझं म्हणणं नाही. ती घडायला वेळ लागला, घडवताना माणसं भांडली, एवढंच. तुम्ही भांडलात तर पहिले नव्हे.

आपल्या भाषेतली माणसं

इथं जरा सावकाश जाऊ, कारण मला खरा आधार इथं मिळाला. मोकळ्या मनानं देव शोधणं हे काहीतरी विलायती खूळ आहे, असं आमच्या मंडळीत समजतात. आमच्या घरापासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा जमखंडीकडे बघा. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे तिथं १८७३ साली जन्मले. प्रार्थना समाजात आले आणि १९०१ मध्ये युनिटेरियन लोकांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकायला गेले. युनिटेरियन म्हणजे देव एकच मानणारे, त्रैक्य न मानणारे, येशूला गुरू मानून चालणारे. शिंदे दोन वर्षं त्यांच्यात राहिले, शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. परत येऊन १९०६ साली अस्पृश्यांच्या शिक्षणाचं काम उभं केलं. माझ्या वहीतल्या ‘गरिबांच्यात बसून जेवला’ या ओळीवर चालायचं म्हणजे काय, हे मला त्या कामावरून कळलं.

युनिटेरियन आजही आहेत, आणि आपल्याच देशात. मेघालयातल्या खासी डोंगरात हाजोम किसोर सिंग या माणसानं १८८७ साली हा पंथ सुरू केला. मिशनच्या शिकवणीतला नरकाचा देव त्याला पटेना. बेळगावात त्यांची मंडळी नाही, पण आपल्यासारखा विचार दुसऱ्या कुणालातरी सुचला होता, हे कळल्यावर त्या रात्री मला झोप बरी लागली.

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्या देवळात आदरानं घेतात, पण अर्धीच गोष्ट सांगतात. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला खरा. पण त्यानंतर तिथल्या सिस्टर लोकांशी त्यांचा पत्रांतून जो वाद झाला तो कडक आहे. त्रैक्य पटत नाही, येशूचं देवत्व तुम्ही म्हणता तसं मान्य नाही, पाद्री लोकांचा हुकूम माझ्या विवेकावर चालायचा नाही, हा त्यांचा सूर. पुढे मात्र त्याच बाई येशूवरच्या भक्तीत पार बुडून गेल्या आणि त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी आध्यात्मिक जागृती झाली. मन मोकळं ठेवलं की माणूस देवळाबाहेरच जातो असं नाही. फिरून आतही येतो. दोन्हींची तयारी ठेवा.

आणि टिळक, रेव्हरंड नारायण वामन. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. बाप्तिस्मा १८९५ चा. बावीस वर्षं मिशनमध्ये काढल्यावर १९१७ साली नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा, अट एकच, ख्रिस्ताच्या मागं चालणं. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार मोडला. आमच्या देवळात त्यांची गीतं दर रविवारी म्हणतात. दरबाराचं नाव मात्र मी चाळिशी उलटेपर्यंत ऐकलेलं नव्हतं.

शेजारी जाऊन बसा

बेळगावच्या किल्ल्यात एका सकाळी चालत तीन ठिकाणी जाता येतं. कमल बस्ती, १२०४ सालची, आत नेमिनाथ. डोकं वर करून छत बघा: दगडातलं कमळ, बहात्तर पाकळ्या, भूत, वर्तमान आणि भविष्य काळातले चोवीस-चोवीस तीर्थंकर. जैनांच्यात जग घडवणारा देवच नाही, आणि तरी त्या गाभाऱ्यात जी शांतता आहे ती आपल्या ओळखीची वाटते. पहिल्यांदा मला हे पचायला जड गेलं. मग सफा मशीद. तिथं आत जायचं तर आधी विचारा, नमाजाच्या वेळी मध्ये मध्ये करू नका. आणि रामकृष्ण आश्रम. स्वामी विवेकानंद १८९२ साली बेळगावात राहिले होते. रामकृष्ण संघाच्या आश्रमांत २४ डिसेंबरला येशूच्या तसबिरीपुढं दिवा लावतात, हे ठाऊक असू द्या.

हिंदवाडीला गुरुदेव रानडे यांचं मंदिर आहे. हेही जमखंडीचेच, १८८६ चे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू, आणि त्याच वेळी इंचगेरी या नामस्मरणाच्या परंपरेतले नामधारक. मराठी संत आणि युरोपातले ख्रिस्ती साक्षात्कारी यांना शेजारी बसवून वाचणारा माणूस. तिथल्या वाचनालयाची सवय लावून घ्या. पण कुठंही गेलात तरी लगेच नाम किंवा अनुग्रह मागू नका. त्या परंपरेत ती आयुष्यभराची बांधिलकी असते, आणि आपण तर अजून तिसऱ्या रकान्यातले.

जाताना साधं वागावं: चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर, पूर्ण विजार, फोन बंद. प्रसाद दिला तर घ्या किंवा हात जोडून नाही म्हणा, त्यावर वाद घालू नका. एका जागी एकदाच जाऊन मत बनवू नका. किमान चार वेळा जा, त्यातला एक दिवस सणाचा नसावा.

भाषेचं एक सांगतो. सीमाभागात आपण मराठी म्हणून कन्नडकडे जरा तिरकंच बघतो, त्याची कारणं आहेत, ती इथं नकोत. पण बसवेश्वरांची, म्हणजे बसवण्णांची, कन्नड वचनं वाचायची चुकवू नका. एक निवृत्त कन्नड मास्तर बसवण्णांच्या वचनांचं पुस्तक जुजबंदी करायला घेऊन आले होते. पाठ उसवलेली, तीनशे पानं सुटी. मी शिवत होतो, ते स्टुलावर बसून वाचत होते आणि माझ्यासाठी मराठीत फोडून सांगत होते. श्रीमंत देवळं बांधतील, मी गरीब काय करू, माझे पाय खांब, देह देऊळ, डोकं सोन्याचा कळस. उभं केलेलं पडेल, चालतं-बोलतं पडणार नाही. बाराव्या शतकातलं हे. मी म्हटलं, ‘मास्तर, पौलानं करिंथकरांना हेच लिहिलंय, शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर.’ ते म्हणाले, ‘हेच नव्हे. जवळचं म्हणा की.’ सुई तशीच हातात राहिली. सगळे धर्म एकच सांगतात, हे वाक्य मी त्या दिवसापासून बंद केलं. जवळचं आहे, एकच नाही. फरक नीट बघितला तरच शेजाऱ्याकडून काही शिकता येतं.

गप्प बसणं

वाचन आणि भेटी यांत माणूस वर्षं घालवतो आणि देवाशी एक शब्द बोलत नाही. रोज वीस मिनिटं बसा. पहाटे पाणी यायच्या आधी बसलात तर उत्तम, आमच्याकडे नळाला पाणी आलं की घरात कुणी शांत बसू शकत नाही. खुर्चीवर चालेल. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणता येत असेल तर म्हणा. ‘पित्या’ला अडत असेल, बापाशीच जमलं नाही अशी माणसं असतात, तर नुसतं ‘तू’ म्हणा. तेही खोटं वाटलं तर गप्प.

पहिले दोन महिने काही होत नाही. पायाला मुंग्या, उधारीची आठवण. घाईनं नवी पद्धत धरू नका. खळ लावलेलं पुस्तक रात्रभर प्रेसमध्ये दाबून ठेवतात, दर तासाला उघडून बघितलं तर पुठ्ठा वाकडा होतो. चाचा मला यावरून कितीदा ओरडले असतील. तीन महिने एकच पद्धत धरा, मग वहीत लिहा. काय जाणवलं ते नको, घरच्यांशी कसे वागलात ते लिहा. माझी बायको ती पानं वाचायची आणि दुरुस्त्या करायची.

यांच्यापासून लांब

मन मोकळं आहे म्हटलं की गिऱ्हाईक शोधणारे येतात, सगळ्या धर्मांचे. औषध बंद करा म्हणणारा, घरच्यांशी बोलू नका म्हणणारा, दशांश किंवा देणगी आधी आणि आशीर्वाद नंतर असा व्यवहार मांडणारा, प्रश्न विचारला की सैतान बोलतोय म्हणणारा. यातलं एक जरी दिसलं तरी चप्पल घालून बाहेर. आमच्या ओळखीतल्या एकानं बरं होण्याच्या सभेनंतर मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या. पाय गेला.

घर

घरच्यांना काय सांगायचं, हे मला सगळ्यात जास्त विचारतात. लहान मुलांना विचारतील तेवढंच सांगा. नवरा-बायकोत काही लपवू नका. म्हाताऱ्या आई-वडिलांना वहीतले रकाने वाचून दाखवायचा हट्ट धरू नका. पण ते थेट विचारतील तेव्हा खोटंही बोलू नका.

मी आईला दर रविवारी स्कूटरवरून देवळात नेतो. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. विश्वासांगीकाराला सगळ्यांबरोबर उभा राहतो, जे म्हणता येतं ते म्हणतो, त्या ओळीला थांबतो. मला वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नाही. मागच्या पावसाळ्यात परत येताना गोगटे सर्कलच्या सिग्नलला ती मागून म्हणाली, ‘तू त्या ओळीला गप्प बसतोस. मला कळतंय की.’

मी म्हटलं, ‘चाचांमुळं.’

सिग्नल सुटला. घरापर्यंत काही बोलली नाही. उतरून पदर सारखा करताना म्हणाली, ‘मग राहिलेल्या तरी मोठ्यानं म्हण. आणि माझ्या डाव्या बाजूला उभा राहा, उजव्या कानानं आता ऐकू येत नाही.’

तेव्हापासून मी डाव्या बाजूला उभा राहतो.